भिंतीचा ताप

कुणाच्याही घरी गेले की मेजर बसायच्या आधी भिंतीला हात लावत. आधी तळवा, मग उलटा हात, आजारी पोराचे कपाळ बघतात तसा. डोळे बारीक करून जरा थांबत आणि निदान सांगत, "भिंतीला ताप हाय." आमच्या घरी आले की म्हणत, "हितं न्हाई. हितली भिंत गार हाय. नशीब काढलंय तुमी." मग बसत, तेही खुर्चीच्या कडेवर, एक पाय दाराकडे ठेवून. गॅसवर दूध ठेवून आलेला माणूस बसतो ना, तसे.

तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर असा एखादा मेजर तुमच्याही ओळखीचा असेल. हे काही खरे मेजर नव्हेत. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत, आणि पलटणीतून सुटून आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणते. हे निवृत्त झाले ते नाईक म्हणून. सुरुवातीला ते आम्हाला दुरुस्त करत. "आवं, नाईक म्हणा. मेजर म्हटलं की माझाच हात सलामाला उठतोय." पुढे त्यांनी तो नाद सोडला.

हे सगळे नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. सांगलीत विश्रामबागच्या पलीकडे, जिथे तेव्हा शहर संपून ऊस सुरू व्हायचा, तिथे कमी उत्पन्न गटासाठी बांधलेली आमची इमारत होती. तीन मजले, मजल्यावर चार, म्हणजे बारा घरे. प्रत्येकाला एक खोली आणि एक स्वयंपाकघर. कोणाला कोणते घर हे सोडतीने ठरले. मला तळमजल्यावरचे मिळाले, मेजरना सगळ्यात वरचे, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातले.

मी कचेरीत हिशेब बघायचो, त्यामुळे इमारतीकडेही त्याच नजरेने बघितले. वरचा स्लॅब पाच इंचांचा, त्यावर काही नाही. पश्चिमेची भिंत सहा इंचांची, तिच्यावर सावली धरणारे झाड नाही की सज्जा नाही. बांधणाऱ्याने जिथे वाचवता येईल तिथे वाचवले होते, आणि ती सगळी बचत मेजरच्या घरात ऊन होऊन उतरत होती. आमच्या तळमजल्याची तऱ्हा वेगळी. कुंपणाची भिंत खिडकीच्या इतकी जवळ की भर दुपारी साठचा बल्ब लावल्याशिवाय डाळीतला खडा दिसायचा नाही. वरचे भाजत होते, खालचे अंधारात होते, आणि मधल्या मजल्यावरचे कोणाचीच बाजू घ्यायला नको म्हणून गप्प होते.

सोडतीत वरचे घर निघाले तेव्हा मेजरच्या बायकोला मात्र कोण आनंद झाला होता. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. तासगावच्या बाजूच्या, द्राक्षाच्या मळ्यात वाढलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. गच्चीवर उभ्या राहून त्या हात लांब करायच्या, "आमचा मळा त्या अंगाला." दिसायचा नुसता ऊस. पण त्यांना मळा दिसत असावा.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. मिरजेच्या दवाखान्यातून परत आल्या त्या खाटेवर. बोलणे शाबूत होते, डोके तर आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख. पण त्यानंतर त्यांचा मुलूख म्हणजे दहा बाय बाराची खोली, आणि आभाळ म्हणजे स्लॅब.

मेजरनी कारखान्यातली रखवालदारी सोडली. मूलबाळ नव्हते. भाजी, दळण, औषध, जे काही आणायचे ते पळत जाऊन पळत यायचे. फाल्गुन लागला की ती खोली तापायला सुरुवात व्हायची. पंखा लावला की छताची धग खाली यायची, बंद केला की जीव घुसमटायचा. लाइट गेली की निवड करायचे कष्ट तेवढे वाचायचे. दुपारी तापताना आणि संध्याकाळी निवताना तो स्लॅब कटकट आवाज करायचा. वहिनी पडल्या पडल्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "कडाकडा बोटं मोडतोय बघा आमच्या नावानं."

मेजर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे. टाकीचे पाणी वापरू नका अशी तक्रार आली, तर खालच्या हौदातून बादल्या उचलून न्यायला लागले. भिजवलेली पोती अंथरून बघितली, ती तासाभरात करकरीत व्हायची. एकदा मी त्यांच्याबरोबर घरवाटपाच्या कचेरीत गेलो. खालच्या कुणाशी अदलाबदल करता येईल का, एवढेच विचारायचे होते. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने आम्हाला चहा पाजला आणि नियम वाचून दाखवला. ठरावीक वर्षे होईपर्यंत घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, बदलायचे नाही. बाहेर पडताना मेजरनी त्या कचेरीच्या भिंतीवर हात ठेवला. म्हणाले, "ह्यांची बी तापलीय. पण ह्यानला पाच वाजता सुटी हाय."

त्या चैत्रात माझ्या बायकोने त्यांना सांगितले, "वहिनींना दोन महिने आमच्या पुढच्या खोलीत आणा. नियमबियम काही नाही. पाहुणी म्हणून आणा." वहिनी बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर कबूल झाल्या. आम्ही चौघांनी त्यांना लाकडी खुर्चीवर बसवले, लुगड्याने बांधले आणि उचलले. आमचा जिना अरुंद, आणि वळणावर तर एका माणसानेही अंग चोरून जावे असा. त्या वळणावर खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. वहिनी तिरक्या झालेल्या, डावा हात खुर्चीला घट्ट धरलेला, उजवा निकामी, आणि डोक्यावरचा पदर घसरला. तो सावरायला त्यांच्याकडे हात उरला नव्हता. सगळी दारे उघडी, पोरेबाळे बघताहेत. मेजर खालच्या बाजूने वजन पेलत होते. त्यांनी खांद्यावर भार घेऊन एक हात मोकळा केला आणि आधी पदर डोक्यावर ओढला, मग म्हणाले, "हं, आता तिरकी करा."

दोन रात्री वहिनी आमच्याकडे राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, मला वर न्या. वर खाटेवर ठेवल्यावर त्यांनी आम्हा चौघांकडे बघितले. "लय उपकार केलेसा. पण आता मला उचलायचं न्हाई. जाईन तवाच उचला."

त्यानंतर हा विषय संपला. वहिनी खाली येणार नाहीत, मेजर वहिनींना सोडून जाणार नाहीत, आणि ऊन दरवर्षी वेळेवर येणार. मेजरची ती भिंतींना हात लावत फिरायची सवय तेव्हा पक्की झाली. कुठे गारवा आहे, तो का आहे, याचा ते माग काढत असावेत.

पुढच्या हिवाळ्यात इंजिनियरिंग कॉलेजातले एक तरुण सर इमारत बघायला आले. एक योजना होती. स्वस्तातल्या घरांची एखादी इमारत निवडायची आणि तिथले ऊन आणि वीज दोन्ही कमी करून दाखवायचे. मोजमाप कॉलेजने करायचे, सामान आणि ट्यूबलाइट वीज कचेरीने द्यायच्या, अंगमेहनत सोसायटीने करायची. तीन खांद्यांवरचे ओझे. सर जिन्यात माझ्याशी बोलत होते तेवढ्यात मेजर आले, त्यांनी सरांचा हात धरला, वर नेले आणि भिंतीवर ठेवला.

"बगा. थंडीतसुद्धा अंग कोमट हाय का न्हाई?"

सरांच्या खिशात तापमापी होती. त्यांनी ती न काढता मान हलवली. हा माणूस मला तिथेच आवडला.

योजनेची एक अट होती. बाराच्या बारा घरांची संमती पाहिजे. अंगणात बैठक झाली आणि तिथे आक्का उभी राहिली. आक्का म्हणजे आमच्या समोरच्या दारातली. नवरा साखर कारखान्यात, स्वतः बारा घरांची अनभिषिक्त कारभारीण. इमारतीत पापड, सांडगे, कुरडया कधी करायच्या, गच्चीवर कोणाची जागा कुठली, हे तीच ठरवायची.

"छप्पर वरच्यांचं," आक्का म्हणाली, "मग खालच्यांनी का राबायचं?"

मेजर उठले. त्यांना भाषण येत नव्हते. "आक्का, तुमच्याकडं भर दुपारी बल्ब का जळतोय?"

"अंधार असतोय म्हणून. हौस हाय व्हय मला?"

"मग अर्धा चुना गच्चीला, अर्धा तुमच्या कुंपणाच्या भिंतीला. पांढऱ्या भिंतीवरनं उजेड आत येतोय. बराकीत बगितलंय मी."

मी लगेच कागदावर आकडेमोड केली. साठचा एक बल्ब दिवसा सहा तास बंद राहिला तर महिन्याला जवळजवळ अकरा युनिट. तळमजल्यावर असे चार बल्ब. ते मी वाचून दाखवले. आक्का म्हणाली, "आकडे ह्यांचे खरे असतात. पण गच्ची चैत्रात माझी हाय, ते आधी सांगून ठेवते." त्या वर्षी तिच्या थोरल्या पोरीचे लग्न होते. रुखवतासाठी कुरडया घालायच्या होत्या, तीन पायल्या गव्हाच्या.

सरांनी चुन्याची कृती मेजरना समजावून सांगितली. चुना, मीठ, आणि धरून राहावा म्हणून सरस. मेजरनी दोन पोरांना हाताशी घेऊन कुंपणाची भिंत रंगवली, मग गच्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात खरोखर उजेड आला. माझ्या बायकोने बल्बचे बटण बंद केले आणि तशीच उभी राहिली. वर वहिनींच्या खोलीत सरांनी छताला तापमापी लावली, चार अंशांचा फरक. चार अंश म्हणजे काय हे तापमापीपेक्षा मेजरच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. त्या दुपारी वहिनींना झोप लागली म्हणून त्यांनी खाली येऊन आम्हाला पेढा दिला, आणि पळत वर गेले.

आठवड्याने आक्काच्या कुरडया. गहू तीन दिवस भिजलेला, चीक पहाटे शिजलेला, सगळ्या बायका सोऱ्या घेऊन गच्चीवर. जुन्या धोतरांवर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा. दुपारी वारे सुटले आणि चुना उठला. पिठासारखा उठला. वरच्या बाजूने कुरडयांवर बसला, आणि खालची फरशी गार असल्यामुळे खालची बाजू संध्याकाळपर्यंत ओलीच राहिली. दुसऱ्या दिवशी उचलायला गेले तर आंबूस वास.

आक्काने आवाज चढवला तो तिन्ही मजल्यांनी ऐकला. "मेजर, तुमचं घर गार झालं आणि माझ्या पोरीचं रुखवत आंबलं! भिंतीला ताप न्हाई आलेला, तुमच्या डोस्क्याला आलाय!"

मेजर मान खाली घालून उभे. सर आले, त्यांनी बोट फिरवले, बोटावर पांढरी भुकटी. "सरस किती घातला होता?" मेजरनी नुसत्या टाचा जुळवल्या. पलटणीत अशा वेळी गप्प उभे राहायचे शिकवत असावेत.

बायकांनी त्याच संध्याकाळी खराटे घेऊन गच्ची खरवडली. पाणी ओतून, रगडून, सगळा चुना पन्हळीतून खाली. मी वर मेजरकडे गेलो होतो. वहिनी छताकडे बघत पडल्या होत्या आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर खराट्याचा आवाज फिरत होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मेजर त्यांना कांजीचे पाणी पाजत होते. 

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काचा राग पुन्हा उसळला आणि ती जिना चढून वर गेली. माझी बायको मागोमाग, भांडण वाढायला नको म्हणून. पुढचे तिने मला सांगितलेले.

आक्का दारातूनच बोलायला लागणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "या आक्का. बसा. किती कुरडया गेल्या?"

"समद्या गेल्या."

"सरस मीच घालू दिला न्हाई. हाडं उकळून करतात त्यो. मी माळकरीण, माझ्या डोक्यावर हाडं नको म्हटलं. त्यांनी तांदळाची खळ घातली. आता शिव्या द्यायच्या तर मला द्या. त्यानला नका देऊ. ते कुणाला सांगायचे न्हाईत."

आक्का स्टुलावर बसली. खोली तापली होती, चुना नव्हता. पंखा फिरत होता. थोड्या वेळाने आक्काने पदराने गळा पुसला, मग पाठ. मग तिने मेजर करायचे तसा भिंतीला हात लावला आणि झटक्यात काढून घेतला. कुरडयांचा विषय तिने काढला नाही. उठताना वहिनीच म्हणाल्या, "आमच्याकडं बेदाणा भुईवर कवा वाळवत न्हाईत. जाळीवर घालतात. खालनं वारं खेळतंय, दोनी अंगानं वाळतंय. तुमी भुईवर घालता ते कसं वाळंल?"

जिना उतरताना आक्का माझ्या बायकोला म्हणाली, "तवा हाय वर. तवा! भाकरी भाजंल." आणि दोन पायऱ्यांनंतर, "जाळी कुठं मिळती म्हणं?"

जाळी वहिनींच्या भावाकडे होती. तासगावजवळ त्याचे बेदाण्याचे शेड होते, जुन्या जाळ्या तिथे पडून होत्या. पण आणणार कोण? मेजर घर सोडून भाजीबाजाराच्या पलीकडे गेले नव्हते, कितीतरी महिन्यांत. आक्काच म्हणाली, "मी बसते वहिनींजवळ. जावा तुमी."

"दिवस जाईल आक्का."

"जाऊ दे की. दिवस काय तुमच्या बापाचा हाय?"

मेजर गेले. जाताना जिन्यावरून तीनदा परत आले. एकदा औषधाची बाटली दाखवायला, एकदा पाण्याचा तांब्या कुठे ते सांगायला, आणि तिसऱ्यांदा काहीच नाही, नुसते दारात उभे राहिले. आक्काने हाताने हुसकावले. संध्याकाळी मेव्हण्याच्या ट्रॅक्टरवरून ते आले, मागे जाळ्यांची भेंडोळी आणि बांबू. उडी मारून तसेच वर धावले. वर दोन्ही बायका कशालातरी हसत होत्या. आक्काचे लुगडे घामाने पाठीला चिकटलेले. मेजरना बघून वहिनी म्हणाल्या, "आलासा व्हय? मला वाटलं पळून गेलासा."

पहिल्या मजल्यावर एक वेल्डर राहायचा, औद्योगिक वसाहतीत कामाला. त्याने रविवारी लोखंडी पट्ट्यांचे पाय जोडले. जाळी किती उंच ठेवायची आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कठड्याला कशी बांधायची हे सरांनी आखून दिले, आणि चुन्याच्या खात्यात उरलेले सामान वीज कचेरीकडून तारांमध्ये बदलून घेतले. कमरेइतक्या उंचीवर जाळ्यांचा एक मांडव तयार झाला. त्यावर वाळवण घातले की खाली स्लॅबवर सावली पडायची, आणि मधून वारे वाहायचे.

आक्काने पुन्हा गहू भिजवला, या वेळी थोडाच, परीक्षा म्हणून. दुपारपर्यंत कुरडया दोन्ही अंगांनी खडखडीत. पण तिला जिंकले ते वाळण्याने नव्हे. तिचे गुडघे दुखायचे. उकिडवे बसून तिने आयुष्यभर कुरडया घातल्या होत्या आणि आज पहिल्यांदा उभ्याने घालत होती. "मेजर," ती म्हणाली, "हे आधी का न्हाई सुचलं वो तुमाला?"

"मला कुठं सुचलंय? खाली झोपलीय तिला सुचलंय."

पोरीचे रुखवत वेळेवर झाले. आणि त्या दिवसापासून आक्काने नियम घातला की वाळवणाची पहिली धोतरे मेजरच्या खोलीवर पडायची, मग बाकीच्या गच्चीवर. आपले वाळवण संपले की त्या कोपऱ्यावर गोधडी, जुने लुगडे, काहीतरी टाकून ठेवायचे. उन्हाळाभर तो कोपरा उघडा ठेवायचा नाही. हे कुठे लिहिलेले नव्हते. बारा घरांतली कुठलीही बाई गच्चीवरून उतरताना त्या कोपऱ्याकडे एकदा बघून घ्यायची.

काही दिवसांनी घरवाटपाच्या कचेरीचे साहेब तपासणीला आले. गच्चीवर आल्या आल्या म्हणाले, "हे बांधकाम कोणाच्या परवानगीने?" मी नियम आठवायला लागलो. मेजर ताठ झाले. आक्का पुढे आली.

"कुठलं बांधकाम, साहेब? हे वाळवण हाय."

"हे खांब, जाळी..."

"वाळवणाला घडवंची लागती का न्हाई? उचलून दाखवू?" आणि तिने खरोखर मांडवाचा एक पाय उचलून दाखवला. मग साहेबांना खाली नेऊन चहाबरोबर कुरडई तळून दिली. साहेबांनी दोन खाल्ल्या. तपासणीच्या शेऱ्यात वाळवण असेच आले.

सरांची मोजणी मी नंतर बघितली. चुन्याइतका फरक जाळीने पडला नव्हता. चाराच्या जागी तीन अंश, कधी अडीच. मी ते मेजरना सांगितले, कारण आकडा आहे तो सांगितला पाहिजे. ते म्हणाले, "असू दे. अर्धा अंश आक्का हाय." कारण आक्का आता रोज दुपारी वर जाऊन बसायची.

तरी एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. खोली जरा गार झाली, मोठी झाली नाही. वहिनी खाटेवरच होत्या आणि मेजर खुर्चीच्या कडेवरच. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला आले तरी आरती संपायच्या आत एक पायरी वर चढलेले असायचे. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात वहिनींची हाक ऐकू यायची नाही म्हणून ते घराबाहेरच पडत नसत. मी एकदा म्हटले, "मेजर, चार दिवस गावी जाऊन या. आक्का आहे, आम्ही आहोत." ते म्हणाले, "गावाला जाऊन काय करू? तिथंबी भिंतीलाच हात लावून बसायचं ना."

वहिनी गेल्या त्या पौषातल्या थंडीत. सकाळी मेजर खाली आले, दार वाजवले, आणि आमच्या भिंतीला हात न लावता उभे राहिले. त्यावरून मला कळले.

उचलायला आम्ही तेच चौघे होतो. जिन्याच्या वळणावर मेजर म्हणाले, "थांबा." आम्ही थांबलो. त्यांनी पुढे होऊन पदर नीट केला, तो घसरला नसतानाही, आणि म्हणाले, "हं. आता तिरकी करा." या वेळी ती सहज निघाली. वजनच राहिले नव्हते.

महिन्याभरात मेजर गावी गेले. घर विकायची, भाड्याने द्यायची मुदत अजून भरली नव्हती, म्हणून कुलूप घालून किल्ली आक्काकडे दिली. पुढे एकदा कचेरीच्या कामाने मी साताऱ्याला गेलो होतो, तेव्हा बस पकडून त्यांच्या गावी गेलो. भावाचे जुने दगडी घर, हातभर जाडीच्या भिंती, वर कौले. बाहेर ऊन रणरणत होते आणि आत अंगावर शहारा यावा असा गारवा. मेजरनी माझ्यासाठी चहा सांगितला. मग सवयीने भिंतीवर हात ठेवला, उलटा करून ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

"गार हाय," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखे म्हणाले. "लय गार हाय, भाऊ."

ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, एक पाय दाराकडे. दूध कुठेच नव्हते. मी निघेपर्यंत ते तसेच होते.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन वर्षांनी मेजर गेल्याचा त्यांच्या भावाचा निरोप आला, तो आक्काने सगळ्यांना दारोदार जाऊन सांगितला.

त्या चैत्रात मी गच्चीवर गेलो होतो, टाकीचा बोळा बघायला. बायका जमल्या होत्या. आक्काच्या मुलाचे नुकतेच लग्न झालेले, नवी सून सोऱ्या भरत होती. आक्काने पहिले धोतर झटकले आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर पसरले.

"आत्या, इकडून सुरू करू या की," सून म्हणाली, "जिना जवळ पडतो. तिकडं खाली तर कुलूपच आहे."

"व्हय, कुलूप हाय," आक्का म्हणाली. धोतराची चारी टोके तिने ओढून सारखी केली, स्लॅबवर सावली कुठवर पडते ते वाकून बघितले, गुडघ्याला हात लावून सरळ झाली आणि म्हणाली, "आण तो सोऱ्या हिकडं."